सरव्याचा हक्क

अलिबाग तालुक्यातील ज्या खारेपाटात माझा जन्म झाला, तेथील शेतजमीन आमच्या पूर्वजांनी खाडीच्या तोंडून काढून घेतलेली आहे. बांध घालून, बांधात उघाड्या बसवून, भरतीचे पाणी बाहेर थोपवून आणि मातीतले मीठ वर्षानुवर्षे पावसाच्या पाण्याने धुऊन काढून त्यांनी ती भातपिकास योग्य केली. आणि एवढे सायास केल्यावरही तिच्यावर पिकलेले भात खळ्यावरून निघे ते प्रथम खोताच्या कोठाराच्या वाटेला लागे, उरलेसुरले कुळाच्या घरी येई. अशा घरातला मी मुलगा शिक्षण संपताच मालवाहू जहाजाच्या एंजिनखोलीत शिकाऊ म्हणून दाखल झालो आणि चीफ इंजिनिअरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो. या दीर्घ नोकरीत पुष्कळ बंदरे पाहिली, परंतु माझ्याच घराच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी दृष्टी ज्या मुलखाने मला दिली तो मुलूख म्हणजे युक्रेन. त्या देशावर आज जे आक्रमण चालू आहे आणि तेथील सामान्य माणसे ज्या निर्धाराने त्याचा प्रतिकार करीत आहेत, त्या निर्धारामागच्या घरोघरच्या आठवणी मी रात्रीच्या पहाऱ्यात, एंजिनाच्या गडगडाटात, त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या आहेत. त्या लिहून ठेवणे हे मला आता कर्तव्य वाटते.

व्यापारी जहाजांवर नोकरी केलेल्या माणसाला युक्रेनी सहकारी भेटला नाही असे सहसा होत नाही. ओदेसा, खेर्सोन, मारिउपोल येथील नौकानयनाच्या विद्यालयांतून शिकलेले अधिकारी जगभरच्या कंपन्यांत आहेत, आणि काळ्या समुद्राच्या काठची कित्येक कुटुंबे, आपल्याकडे उरण, मुरुड, श्रीवर्धन या बाजूची आहेत तशीच, बोटीवरच्या पगारावर उभी आहेत. एका जहाजावर माझ्याबरोबर असलेल्या सेकंड इंजिनिअरचे वडील मिकोलाइवच्या गोदीत वेल्डर होते. आपल्या नौदलाच्या 'राजपूत' वर्गातील विनाशिका त्याच शहरात बांधल्या गेल्या, 'विक्रमादित्य' या विमानवाहू जहाजाचा मूळ सांगाडाही तेथलाच. आणि आम्ही भारतीय मात्र या सर्वांना सरसकट रशियन जहाजे म्हणत आलो. त्या गृहस्थांनी हे ऐकून कधी वाद घातला नाही. वडिलांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग मात्र त्यांनी एकदा इतक्या तपशिलाने सांगितले, की त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

याच गृहस्थांना एका नोव्हेंबरच्या शनिवारी दुपारी चार वाजता आपल्या केबिनच्या गोल खिडकीत टेबलावरचा विजेचा दिवा ठेवताना मी पाहिले. धान्य भरलेल्या जहाजावर उघडी ज्योत पेटवण्यास सक्त मनाई असते, कारण धान्याची धूळ हवेत मिसळली म्हणजे ती बारुदासारखी पेट घेऊ शकते. नाही तर त्यांनी मेणबत्तीच लावली असती. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, युक्रेनभर घरोघरच्या खिडक्यांत दिवे लागतात, ते १९३२-३३ सालच्या भुकेने मेलेल्यांच्या स्मरणार्थ. त्या भुकेला ते लोक 'होलोदोमोर' म्हणतात. तिच्यात एकट्या युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लक्ष माणसे मेली, आणि ती अवर्षणाने किंवा टोळधाडीने मेली नाहीत. मॉस्कोच्या सरकारने ठरविलेला धान्याचा कोटा भरला नाही म्हणून गावेच्या गावे काळ्या यादीत घालण्यात आली, त्यांना मीठ आणि रॉकेलसुद्धा मिळेनासे झाले, आणि झडतीची पथके लोखंडी सळया घेऊन घरांच्या जमिनी, भिंती, चुलीच्या मागच्या जागा भोसकून पाहत आणि सापडेल तो दाणा घेऊन जात. त्या गृहस्थांची आजी त्या वेळी आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या थोरल्या भावाने कापणी होऊन गेलेल्या सामुदायिक शेतातून पडलेल्या लोंब्या वेचल्या, आणि त्या अपराधासाठी त्याला पकडून नेले. तो पुढे घरी आला नाही.

७ ऑगस्ट १९३२ रोजी निघालेल्या एका फर्मानान्वये सामुदायिक मालमत्तेच्या चोरीस मृत्युदंड, आणि काही सवलतीचे कारण असल्यास दहा वर्षांची कैद, अशी शिक्षा ठेवलेली होती. आणि शेतात पडलेली लोंबी उचलणे हीही चोरीच गणली गेली. हे ऐकताना माझ्या मनात जे आले ते खारेपाटातल्या कोणत्याही माणसाच्या मनात आले असते. आमच्याकडे कापणी आटोपली, भारे खळ्यावर गेले, की मागे राहिलेला सरवा वेचण्यास कातकऱ्यांच्या आणि गरिबांच्या बायका, पोरे शेतात उतरत, आणि त्यांना कोणी अडवीत नसे. खोत कितीही कठोर असला, मक्त्याच्या मापात त्याने कितीही हात मारला, तरी सरव्यावर त्याने हक्क सांगितल्याचे मी कधी ऐकले नाही. पृथ्वीवर पडलेला दाणा भुकेल्याचा, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसले तरी सर्वांना मान्य होते. ज्या राज्याने सरव्यालाही राजद्रोह ठरविले, त्या राज्याची जात निराळी असली पाहिजे, असे त्या दिवशी मला वाटले. त्या वाटण्यात फरक करावा असे पुढे काही आढळले नाही.

मी त्यांना त्या बदल्यात आमच्या घरची हकीकत सांगितली. युक्रेनमधील ती भूक ओसरत होती त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, अलिबागजवळच्या चरी या गावी शेतकऱ्यांनी खोतांची शेते न करण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील हे त्या लढ्याचे पुढारी. पंचवीस गावांनी हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, चालविला. त्या अवधीत माझ्या आजोबांनी, ज्या वावरात त्यांच्या बापाने आणि आज्याने घाम गाळला होता त्यात, एकही नांगर धरला नाही. मी लहान असताना आजी त्या वर्षांविषयी बोलत असे ते मोठ्या त्यागाच्या भाषेत नव्हे. त्या दिवसांत काय शिजले हे ती सांगत असे: डोंगरातली करवंदे आणि कंद, खाडीतली निवटी, चिंबोऱ्या, कालवे, शेजारच्या गावी मजुरी करून मिळालेल्या कण्यांची पेज. पुरुष लाकडाच्या मोळ्या विकीत, काही मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. बांधांची निगा राहिली नाही तेथे खारे पाणी आत शिरले आणि पुढे कित्येक वर्षे त्या तुकड्यात भात नीट आले नाही. १९३४ साली चरीस शेतकऱ्यांची परिषद भरली तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला येऊन गेले. आणि शेवटी १९३९ च्या कूळकायद्याने कुळाला काही संरक्षण मिळाले. खोती कायद्याने गेली ती त्यानंतर दहा वर्षांनी, स्वातंत्र्य मिळाल्यावर.

सेकंड इंजिनिअरने हे सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि मला एकच प्रश्न विचारला: तुमची माणसे मुंबईला जाऊ शकत होती काय? मी होय म्हणालो. तेव्हा त्यांनी सांगितले, की २२ जानेवारी १९३३ रोजी मॉस्कोहून हुकूम सुटला आणि युक्रेनमधील शेतकऱ्यांना धान्याच्या शोधात प्रजासत्ताकाची हद्द ओलांडण्यास बंदी झाली. आगगाडीची तिकिटे बंद करण्यात आली, वाटेत सापडलेल्यांना धरून परत गावी पाठविण्यात आले. आजीची आई अशा रीतीने स्टेशनवरून परत आलेली होती.

या एका प्रश्नाने मला जे शिकविले ते पुस्तकांनी शिकविले नव्हते. आमचा लढा लहान होता असे मी म्हणणार नाही. ज्या बायांनी सहा पावसाळे रिकाम्या कणग्यांकडे पाहत काढले त्यांच्यापाशी हे म्हणण्याची माझी छाती नाही. परंतु आमच्या लोकांनी भूक स्वतः पत्करली होती आणि ती कोणत्याही दिवशी, मान खाली घालून का होईना, संपविता आली असती. त्यांना सभा भरविता येत होती, कोर्टात उभे राहता येत होते, मुंबईला जाता येत होते, आणि १९३७ मध्ये 'कृषीवल' हे पत्र निघाल्यावर आपले म्हणणे छापताही येत होते. युक्रेनच्या शेतकऱ्याला यांपैकी एकही वाट मोकळी नव्हती; त्याची भूक त्याच्यावर लादलेली होती आणि तिचा उच्चार करणे हाही गुन्हा होता. इंग्रजी अंमलाचे मला येथे गुणगान करावयाचे नाही. आमच्या चरीच्या तीनच वर्षे आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या लोकांवर याच सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी, मोठ्या जुईचे रामा बामा कोळी, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे, आणि कोप्रोली, खोपटे, पाणदिवे, धाकटी जुई येथील चौघे, असे आठ जण हुतात्मा झाले. डोंगरातले लाकूड तोडण्याचा हक्क कोणाचा, एवढाच तो वाद होता. आणि त्या हक्कासाठी आगरी, कोळी, कातकरी हे सारे एका रांगेत उभे राहिले होते.

चिरनेर माझ्या आजोळाला लागून आहे. माझ्या आईचे वडील त्या दिवशी डोंगरावर होते हे मला पुष्कळ उशिरा, ते गेल्यानंतर, एका मामाकडून कळले. त्यांनी स्वतः याविषयी अवाक्षर काढले नाही. गोळीबारात तालुक्याचा मामलेदारही मेला होता, त्यामुळे धरपकड झाली, खटले झाले, आणि गावोगाव पोलिसांचा वावर सुरू झाला. पावसाळ्याच्या शेवटी, नवरात्राच्या आसपास, आजोबा दोन-तीन दिवस घराबाहेर पडत नसत, अंगात कसर आहे म्हणून पडून राहत, आणि आजी मुलांना गप्प बसवी. आमच्या आजोळी ती एक रीतच पडून गेली होती. मुलांना कारण ठाऊक नव्हते. परंतु त्या दिवसांत काहीतरी घडले होते, आणि त्याविषयी विचारावयाचे नाही, हे ठाऊक होते.

युक्रेनी सहकाऱ्यांच्या घरांतून मी हेच मौन ऐकले, आणि ते किती तरी पटींनी अधिक खोल होते. आपल्या देशात स्वातंत्र्य आले तेव्हा चिरनेरच्या हुतात्म्यांची नावे मोठ्याने घेता आली, स्तंभ उभे राहिले, शाळांतील मुलांना त्या दिवशी तेथे नेऊ लागले. सोव्हिएत राज्यात भुकेचा उच्चार १९८० च्या दशकाच्या अखेरच्या वर्षांपर्यंत दडपलेला होता. अर्धशतकाहून अधिक काळ लक्षावधी घरांत आजी-आजोबा भाकरीचा चतकोर टाकू देत नसत आणि का टाकू देत नाहीत ते सांगत नसत. एका थर्ड ऑफिसरने मला सांगितले, की त्याच्या आईला स्वतःच्या दोन मामांची नावे ती चाळिशीत आली तेव्हा कळली. तोपर्यंत ते दोघे कधी जन्मलेच नव्हते, अशी घरात वहिवाट होती. क्रिमियातून आलेल्या एका तातार मोटरमनच्या घरची हकीकत आणखी निराळी. १८ मे १९४४ पासून त्याच्या सर्व जमातीला गुरांच्या डब्यांत भरून मध्य आशियात नेऊन टाकण्यात आले, आणि ती माणसे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी परतली तेव्हा त्यांच्या घरांत इतर लोक राहत होते. २०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा हा मोटरमन माझ्या हाताखाली होता. वार्ता ऐकून त्याने पहारा पुरा केला, हात धुतले आणि मला म्हणाला, माझ्या आईने एकाच आयुष्यात हे दोनदा पाहू नये अशी माझी इच्छा होती.

याच अनुभवामुळे, २४ फेब्रुवारी २०२२ च्या त्या पहाटे, जेव्हा रशियन फौजा तिन्ही बाजूंनी युक्रेनमध्ये शिरल्या आणि आमच्याकडील पुष्कळ जाणती माणसे हे दोन-तीन दिवसांत आटोपेल असे म्हणू लागली, तेव्हा मला तसे वाटले नाही. मी त्या वेळी भूमध्य समुद्रात एका धान्यवाहू जहाजावर होतो. मेसमध्ये एकाच टेबलाशी युक्रेनी आणि रशियन दोन्ही माणसे जेवत. कॅप्टन आपल्याकडचे होते. त्यांनी त्याच सकाळी सॅटेलाइट फोन सर्वांना मोफत खुला केला आणि पहाऱ्यांच्या पाळ्या पुन्हा आखल्या. आमचा इलेक्ट्रिशियन मारिउपोलचा होता, वय तिशीच्या आत. चार-पाच दिवसांत त्याच्या आईबापांचा फोन लागेनासा झाला. युक्रेनी सरकारने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई केलेली असल्याने बोटीवरच्या प्रत्येक युक्रेनी माणसापुढे पेच उभा राहिला: घरी गेले तर बाहेर येता येणार नाही आणि पगार बंद होईल, बाहेर राहिले तर पैसे धाडता येतील, पण घर जळताना आपण दूर राहिलो ही टोचणी जन्मभर राहील. दोन्ही मार्ग पत्करणारी माणसे मी पाहिली, आणि दोघांविषयीही माझ्या मनात आदर आहे. इलेक्ट्रिशियनने रुमानियातील कॉन्स्टान्झाला बोट सोडली. निघण्याच्या आदल्या रात्री त्याने मला स्विचबोर्डच्या दुरुस्तीच्या नोंदी अत्यंत बारकाईने समजावून दिल्या, आणि त्या आटोपल्यावर म्हणाला, माझ्या पणजीला त्यांनी भुकेने मारले तेव्हा गावात कोणापाशी हत्यार नव्हते. पुढल्या वर्षी तो लढाईत जखमी झाला आणि पुन्हा समुद्रावर येण्यास अपात्र ठरला. त्याची आई वाचली, वडील वाचले नाहीत.

त्याच बोटीवरच्या रशियन ऑइलरविषयीही लिहिले पाहिजे. तो सज्जन माणूस होता. युद्ध सुरू झाल्यापासून तो कोणाच्या नजरेला नजर देत नसे, आणि इलेक्ट्रिशियन उतरला त्या दिवशी त्याचे सामान शिडीपर्यंत याच माणसाने वाहून नेले. त्याच्यावर राग धरण्याचे मला काही कारण वाटले नाही. तथापि आपल्या राज्याच्या नावाने काय चालले आहे हे जाणणाऱ्या लक्षावधी माणसांनी बाळगलेल्या मौनाची किंमत खारकीव आणि मारिउपोलच्या माणसांनी मोजली, आणि सज्जनपणाने तिची भरपाई होत नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. त्या दिवसांत अलिबाग, उरणकडून मला सारखे फोन येत. मिकोलाइवच्या बंदरात आपले खलाशी अडकले होते, खारकीव आणि सुमी येथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली मुले तळघरांत बसली होती. खारकीवला कर्नाटकातला एक विद्यार्थी वाणसामानाच्या रांगेत असताना मारला गेला, त्यानंतर फोन करणाऱ्या आईबापांच्या आवाजात काय बदल झाला तो मी विसरू शकत नाही. 'ऑपरेशन गंगा' या सुटकेच्या मोहिमेतून आपली मुले परत आली. पण ज्या घरमालकिणींनी त्यांना तळघरात जेवू घातले, स्टेशनापर्यंत पोहोचविले, त्या तेथेच राहिल्या, याची आठवण आपण ठेवली नाही.

माझ्या नोकरीतील सर्वांत अर्थपूर्ण सफर त्याच वर्षीच्या शरद ऋतूत झाली. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलला झालेल्या करारान्वये ओदेसा, चोर्नोमोर्स्क आणि पिवदेन्नी या तीन बंदरांतून धान्य बाहेर काढण्यास वाट मिळाली होती, आणि १ ऑगस्टला पहिले जहाज ओदेसाहून निघाले होते. आमच्या कंपनीने संमती विचारली. जाणे सक्तीचे नव्हते. मी होकार दिला. इस्तंबूलजवळ शेकडो जहाजांच्या रांगेत खोळंबल्यानंतर तपासणीचे पथक आले. त्यात तुर्कस्तान, संयुक्त राष्ट्रसंघ, युक्रेन आणि रशिया या चौघांचेही अधिकारी असत. माझ्या एंजिनखोलीत त्या दिवशी एक रशियन आणि एक युक्रेनी अधिकारी एकाच शिडीने, एकामागून एक उतरले, बिल्जच्या झडपांपासून सुट्या भागांच्या कोठीपर्यंत सर्व पाहिले, एकाच कागदावर सह्या केल्या आणि परस्परांशी एकही शब्द न बोलता वर गेले.

चोर्नोमोर्स्कला आम्ही मका भरला. पहाटे भोंगे वाजत, क्रेन थांबे, माणसे आडोशाला जात, धोका टळल्याचा भोंगा होताच पुन्हा कामाला लागत. धान्याचा नमुना घेण्यास येणाऱ्या प्रयोगशाळेतील एक वयस्क बाई मला हॅचच्या कडेशी भेटत. त्यांचे इंग्रजी मोडके होते, माझे रशियन त्याहून मोडके, आणि त्यांना रशियन बोलावयाचे नव्हते. तरी त्यांनी मला जे सांगितले ते मला पुरेपूर समजले. १९३२-३३ साली, खेडी मरत असताना, ओदेसाच्या बंदरातून धान्याची जहाजे भरून परदेशी जात होती. सोव्हिएत सरकारला यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन हवे होते, आणि ते या धान्यातून उभे केले जात होते. बाईंचे आजोबा त्या वेळी बंदरात हमाल होते. खांद्यावर पोते आणि गावी उपाशी बहीण, अशा स्थितीत त्यांनी ती जहाजे भरली, आणि पोत्यातून सांडलेले दाणे बुटांत लपवून नेले. बाई म्हणाल्या, तेव्हा धान्य गेले ते त्यांनी नेले म्हणून गेले; आता जात आहे ते आम्ही धाडतो आहोत म्हणून. बंदराच्या कामगारांना भोंग्यांतही काम का करता असे मी विचारले नाही. विचारण्याची आवश्यकता राहिली नव्हती. पिकविणारा आपल्या दाण्याचा धनी असणे किंवा नसणे, यात काय अंतर आहे, ते मला आमच्या खळ्यावरून लहानपणीच ठाऊक होते.

धान्याच्या त्या करारातून रशियाने १७ जुलै २०२३ रोजी माघार घेतली. तोपर्यंत सुमारे ३ कोटी ३० लक्ष टन धान्य त्या वाटेने बाहेर पडले होते. त्यानंतर ओदेसाच्या बंदरांवर आणि धान्याच्या कोठारांवर वारंवार हल्ले झाले, आणि युक्रेनने स्वतःच्या किनाऱ्यालगत नवी वाट काढून जहाजे चालू ठेवली. मी तोपर्यंत निवृत्त होऊन गावी आलो होतो.

मिकोलाइवच्या त्या सेकंड इंजिनिअरशी, जे आता स्वतः चीफ आहेत, माझा पत्रव्यवहार चालू आहे. त्यांच्या आईचे माहेर द्निप्रोच्या डाव्या काठी, खेर्सोनच्या समोर. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी खेर्सोन शहर मुक्त झाले, परंतु डावा काठ रशियन फौजांकडे राहिला. आणि ६ जून २०२३ रोजी, त्यांच्याच ताब्यातले काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले तेव्हा ते गाव पाण्याखाली गेले. ही बातमी वाचून खारेपाटातल्या आमच्या लोकांनी मला जे प्रश्न विचारले ते वर्तमानपत्रांत कोठे नव्हते: पाणी किती दिवस उभे होते, ते ओसरल्यावर वर काय थर राहिला, विहिरी गोड्या राहिल्या की नाही. मी ते सर्व प्रश्न तसेच पाठविले. उत्तर आले, की वरच्या बाजूस तलाव आटल्याने कालवे कोरडे पडले आहेत आणि खालच्या बाजूस विहिरींत काय काय मिसळले आहे ते कोणी तपासू शकत नाही.

गेल्या पत्रात त्यांनी एक निराळाच प्रश्न विचारला. सहा वर्षे शेत न करता आमच्या आजोबांनी त्याच शेतावरचा आपला संबंध पुढे कसा शाबीत केला, त्यांच्यापाशी कोणते कागद होते? त्यांची आई गाव सोडून निघाली तेव्हा तिने सामुदायिक शेतीच्या वाटणीत १९९० नंतर मिळालेल्या जमिनीच्या हिश्श्याचा दाखला कपड्यांच्या आत शिवून घेतला होता, आणि आता तो ओदेसाला एका भाड्याच्या खोलीत तिच्या उशाखाली आहे. मी तलाठ्याकडे जाऊन जुने फेरफार काढविले, आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यात ज्या सालापासून लागले त्या उताऱ्याची नक्कल त्यांना पाठविली, मक्त्याच्या पावत्या घरात कोणी जपल्या, कोणत्या वाळवीने गेल्या, तेही लिहिले. शिवाय हे कळविले, की दाखला आईच्या उशाखाली एकटा ठेवू नका. त्याच्या साक्षांकित प्रती काढा आणि एक तरी प्रत देशाबाहेर असू द्या, कारण आमच्या आजीने संपाच्या सहाही वर्षांत कबुलायतीचा कागद स्वतःच्या घरात ठेवला नव्हता, खाडीपलीकडे भावाच्या घरी, भाताच्या बियाण्याच्या कणगीत ठेवला होता.